कंसातलं नाव

रिकाम्या बसमध्ये चढून “ये सीट किसकी है?” असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सकाळची बस, आत ड्रायव्हर-कंडक्टर सोडून चिटपाखरू नाही, आणि हे गृहस्थ खिडकीजवळच्या सीटपाशी अदबीनं उभे. कंडक्टर वैतागून म्हणाला, “मेरे बावा की है, बैठो!” तर हे खरोखरच मागं जाऊन दुसऱ्या सीटवर बसले. ही हकीकत त्यांनीच मला सांगितली होती आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्याच्या वडिलांच्या सीटवर बसायचं कसं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ऑफिसातही तीच तऱ्हा. टेबलावर पडलेला पेपर उचलण्याआधी “पेपर कुणाचा आहे?”, पाण्याच्या बाटलीला हात लावण्याआधी “ही कुणाची?”, आणि लग्नाला गेले तर जेवणाच्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीपाशी थांबून चौकशी. एकदा आमच्यातल्या एकीच्या लग्नात ते चौकशी करत करत हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचले आणि तोवर पंगत उठली. उपाशीच घरी गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही हळहळलो तर म्हणाले, “नाही गं, खुर्च्या होत्या की. पण सांगणारं कुणी नव्हतं.”

त्यांना आम्ही पाठीमागं ठैरोसाब म्हणायचो. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या वेणूची होती. नावही वेणूनंच पाडलेलं.

देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज छापून येत होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. नारायणगुड्याला साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे एक मोठं मशीन, त्याला जोडलेले काळ्या पडद्याचे टर्मिनल, आणि त्या प्रत्येकासमोर मान खाली घालून बसलेला एकेक जण. मी दिलसुखनगरच्या एका क्लासातून कोर्स करून नुकतीच तिथं लागले होते. आमच्या वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान. आमच्या घरात मशीन म्हणजे पाण्याची मोटर, त्यामुळं मी नक्की काय काम करते ते घरी कुणाला सांगता यायचं नाही. “मुलगी कंप्युटरमधे आहे,” एवढं सांगून वडील विषय बदलायचे.

ठैरोसाब मात्र नल्लकुंट्याच्या जुन्या मराठी घराण्यातले. वडील वकील, काका हेडमास्तर, भाऊ सचिवालयात. स्वतः एका सरकारी खात्याच्या कंप्युटर विभागात वीसेक वर्षं काढलेले. पेन्शन डोळ्यांसमोर दिसत असताना या माणसानं नोकरी सोडली आणि साड्यांच्या दुकानावरच्या कंपनीत येऊन बसला. घरात आठवडाभर कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही म्हणे. मी एकदा विचारलं, “सर, सरकारी नोकरी कशाला सोडलीत?” तर म्हणाले, “तिथं नवीन मशीन येणार नव्हतं.” बस्स, इतकंच कारण.

“हे कुणाचं?” ही सवय त्या सरकारी विभागातूनच आलेली. तिथं पूर्वी प्रोग्रॅम कागदी कार्डांवर भोकं पाडून लिहीत. एका कामाच्या कार्डांचा एक गठ्ठा, त्याला रबरबँड, आणि वर ज्याचं काम त्याच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव असलेल्या गठ्ठ्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, अगदी खात्याच्या साहेबानंही नाही. एक कार्ड मागंपुढं झालं की महिन्याचं काम मातीत. “एकदा एक जण गठ्ठा टेबलावर ठेवून बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे बायकोच्या बाळंतपणाला गेला,” ते सांगायचे. “परत आला तेव्हा गठ्ठ्यावर धूळ होती. पण गठ्ठा तिथंच होता.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की बाळ मुलगा होतं की मुलगी हे विचारायचं आमच्या लक्षातच यायचं नाही.

आमच्या कंपनीत कार्डं नव्हती, पण गठ्ठ्यासारखीच एक व्यवस्था मशीनमध्ये होती. कुठलीही फाइल दुरुस्त करायची तर आधी ती आपल्या नावावर घ्यायची. घेतली की तिला लॉक लागायचं. आपण परत सोडेपर्यंत ती बाकीच्यांना फक्त वाचता यायची, तिच्यात लिहिता यायचं नाही. आणि फाइलीत कधी, कुणी, काय बदल केला ते मशीन सगळं लक्षात ठेवायचं. व्यवस्था चांगली होती, फक्त फाइल कुणाच्या नावावर आहे हे बघायला वेगळी आज्ञा द्यावी लागायची, आणि ती द्यायला अर्थातच सगळे विसरायचे.

यावर ठैरोसाबांनी उपाय काढला तो प्रॉम्प्टचा. काळ्या पडद्यावर आपण काही लिहिण्याआधी मशीन आपल्यासमोर एक खूण उभी करतं, बोला काय हुकूम, अशा अर्थाची. ती खूण म्हणजे प्रॉम्प्ट. आम्हा सगळ्यांच्या पडद्यावर ती नुसतं डॉलरचं चिन्ह असे. सरांनी ती आपल्या हातानं बदलून घेतली होती. त्यांच्या प्रॉम्प्टमध्ये आधी यायचं आपण मशीनमध्ये कुठल्या घरात, म्हणजे फाइलींच्या कुठल्या कप्प्यात, उभे आहोत ते, मग त्या घरातल्या फाइलींची कितवी आवृत्ती चालू आहे ते, आणि शेवटी चौकटी कंसात नाव: इथल्या फाइली सध्या कुणाच्या हातात आहेत त्याचं. कुणाच्याच हातात नसतील तर कंस रिकामा.

कल्पना छान होती, पण गैरसोयही तशीच जबरदस्त. एंटर मारलं की प्रॉम्प्ट यायच्या आधी मशीन त्या घरातली एकेक फाइल उघडून बघायचं, आणि आमचं मशीन काही उड्या मारणारं नव्हतं. एंटर मारा आणि बसा वाट बघत. सर तेवढ्यात चष्मा काढायचे, रुमालानं दोन्ही काचा पुसायचे, परत चढवायचे, आणि तेव्हा कुठं प्रॉम्प्ट आलेला असायचा. नव्यानं आलेल्या प्रत्येकाच्या मशीनवरच्या खात्यात हा प्रॉम्प्ट ते आपण होऊन घालून द्यायचे. हुशार पोरं पहिल्याच दिवशी काढून टाकायची. मला काढता येत नव्हता म्हणून माझ्याकडं तो राहिला.

“सर, मी नुसती तारीख बघायला एंटर मारलं,” मी कुरकुरले. “त्यासाठी एवढं थांबायचं?”

“ठैर जरा. परेशान कायको होतीस? मशीन बघतंय ना, कोण काय घेऊन बसलंय ते.”

“पण मला तारीख हवी आहे.”

“तारीख कुठं पळून जाते? आधी तू उभी कुठं आहेस ते बघ, ते कुणाचं आहे ते बघ. मग काय करायचं ते कर.”

हे ‘ठैर जरा’ दिवसातून इतक्या वेळा ऐकू यायचं की वेणूनं त्याचं नाव करून टाकलं.

वेणू करीमनगरकडचा, तेलुगू. उंच, शिडशिडीत, बोलण्यात आणि बोटांत सारखीच घाई. दोन वर्षांपूर्वी सरांनीच त्याला मुलाखत घेऊन निवडला होता आणि आपल्या शेजारच्या टर्मिनलवर बसवला होता. सरांना मूलबाळ नव्हतं. वेणूला वडील नव्हते. यावर मी उगाच जास्त काही लिहीत नाही, पण खालच्या इराण्याकडून चहा आला की सर आधी अर्धा कप बशीत ओतून ती बशी वेणूकडं सरकवायचे, हे मी रोज बघत होते. वेणूही “ये किसका है, साब?” असं त्यांच्याच आवाजात विचारायचा, आणि सर गंभीरपणे म्हणायचे, “तेराच है.”

त्यांचे वाद ऐकण्यासारखे असायचे. वेणूनं एकदा सुचवलं, “साब, एक बार पूछ को जवाब रख लेंगे. पाँच मिनट वहीच दिखाएँगे. प्रॉम्प्ट फटाफट आता.” कल्पना अगदी बरोबर होती, आज सगळीकडं असंच करतात. सरांनी चष्मा पुसता पुसता नकारार्थी मान हलवली.

“वो तो तब का जवाब हुआ. अब कायकू दिखाना?”

“पाँच मिनट में क्या बदलता, साब?”

“नाम बदलता,” सर म्हणाले.

त्या वर्षी वेणूनं अमेरिकेला जायचं ठरवलं. तेव्हा सगळेच ठरवायचे. आमच्या शहरात दर गल्लीत एक माणूस पाठवणारा होता, आणि त्या पाठवणाऱ्यांची एक सरळ पद्धत होती: अनुभव वाढवून लिहायचा. दोनाचे पाच करायचे. मग अमेरिकेतून कुणीतरी फोन करून विचारायचं, आणि इकडचा साहेब “हो, पाच” म्हणायचा. विचारणाऱ्यालाही ठाऊक आणि सांगणाऱ्यालाही ठाऊक. करीमनगरला वेणूच्या आईनं शेजारीपाजारी लाडूसुद्धा वाटले होते. वेणूनं अर्जावर वरिष्ठ म्हणून सरांचं नाव दिलं होतं. फोन पुढच्या आठवड्यात येईल असं त्याला सांगितलं होतं, तेव्हा त्याआधी संध्याकाळी निवांत बसून सरांना पटवायचं, असा त्याचा बेत होता.

फोन आधीच आला. बाहेरचा फोन माझ्या टेबलाशेजारी होता. मीच उचलला आणि सरांना हाक मारली. वेणू तेव्हा बँकेत गेला होता. सरांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि क्षणाचाही वेळ न घेता स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, “नाही नाही, पाच नाही. दोन वर्षं. पण ही दोन फार चांगली आहेत.” मग पुढं बराच वेळ ते वेणूचं कौतुक करत राहिले. इतकं कौतुक मी त्यांच्या तोंडून कुणाचंही ऐकलं नव्हतं. पलीकडचा माणूस केव्हाच ऐकायचं थांबला असेल.

चहाच्या वेळी वेणू आला तेव्हा सर खुशीत होते. बशी पुढं सरकवत म्हणाले, “तेरा फोन आया था. मैंने बहुत तारीफ की.”

वेणूचा हात बशीपाशीच थांबला. “साल कितने बोले, साब?”

“दो. दोच तो हुए ना?”

वेणू एकदम उठला. त्याला ओरडायचं नव्हतं, पण आवाज त्याच्या हातात राहिला नाही. “जिंदगी भर ठैरो ठैरो बोलते आप. तारीख देखनी तो ठैरो, चाय पीनी तो ठैरो. मेरे फोन पे एक मिनट नहीं ठैर सके? बोल देते, बाद में करो. मेरेकू पूछ लेते!”

“उन्होंने पूछा,” सर म्हणाले. “जो है वो बता दिया.”

सरांचं चुकलं का? इतक्या वर्षांनीही मला ठरवता येत नाही. खोटं बोलायला हवं होतं असं म्हणवत नाही, आणि वेणूचा चेहरा आठवला की बरोबर केलं असंही म्हणवत नाही. बशीतला चहा तसाच गार झाला. त्याच आठवड्यात वेणूनं राजीनामा दिला, बंगलोरला गेला, आणि तिथून कुठल्या दुसऱ्या पाठवणाऱ्यामार्फत महिन्या-दोन महिन्यांत अमेरिकेला पोचल्याचं कानावर आलं. जाताना आम्हा सगळ्यांना भेटला. सरांच्या टर्मिनलपाशी मात्र तो फिरकलाच नाही.

तो गेल्यावर आमच्या लक्षात आलं की पगारपत्रकाच्या घरातल्या काही फाइली वेणूच्या नावावर तशाच राहिल्या आहेत. लॉक न सोडता तो निघून गेला होता. ऑफिसात सगळ्यांचं मत एकच पडलं, की हे त्यानं मुद्दाम केलं. राग असा काढला पठ्ठ्यानं. सरांचंही तेच मत होतं. त्या फाइली तेव्हा कुणाला लागत नव्हत्या, म्हणून मॅनेजरनंही विषय वाढवला नाही.

पण सरांच्या प्रॉम्प्टमध्ये ते नाव दिसत राहिलं. सकाळी आल्या आल्या ते पगारपत्रकाच्या घरात जायचे. तिथं त्यांचं काही काम नसायचं. एंटर मारायचं, चष्मा पुसायचा, आणि प्रॉम्प्ट आला की कंसातलं नाव वाचायचं: वेणू. मग बाहेर पडून दिवसाच्या कामाला लागायचं. वेणूचं खातं त्यांनी मुद्दाम चालू ठेवलं होतं. तेव्हा फोनच्या लाइनवरून दुसऱ्या गावाहूनही आमच्या मशीनमध्ये शिरता येई. वेणूच्या मनात आलं असतं तर कुठूनही आत येऊन त्याला फाइली सोडता आल्या असत्या.

“राग उतरला की येईल आणि स्वतः सोडेल,” सर एकदा मला म्हणाले. “नावाचा गठ्ठा टाकून कुणी कायमचं जात नाही.”

“तुम्हीच लिहा ना त्याला. पत्ता मिळवू या कुणाकडून तरी.”

“त्यानं काही विचारलंय का मला?”

“नाही.”

“मग काय सांगू?”

हे त्यांचं मला कधी पटलं नाही. विचारल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही हे ठीक, पण विचारल्याशिवाय बोलायचंही नाही? माझा स्वभाव असा की मी न विचारता दहा गोष्टी बोलते. मी वाद घातला, त्यांनी चष्मा पुसला. रोज सकाळी ते आशेनं एंटर मारायचे आणि रोज नाव तिथंच असायचं. नाव तिथं आहे म्हणजे राग अजून आहे, असा त्यांनी मनाशी हिशोब बांधून टाकला होता.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग दोन हजार सालाचं काम आलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष लिहायला दोनच आकडे ठेवलेले असत, ते सगळीकडं शोधून चार करायचे, नाहीतर नवं शतक उजाडल्यावर मशीनला वाटणार की आपण शंभर वर्षं मागं गेलो. या कामावर आमची कंपनी पोसली गेली. आणि पगारपत्रकाच्या तारखा नेमक्या वेणूच्या नावावरच्या फाइलींत होत्या.

मॅनेजर बिचारे समजूतदार होते. दोनदा त्यांनी सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सरांच्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले. “सर, आज ते लॉक तोडायलाच पाहिजे. तुम्ही करता की मी दुसऱ्या कुणाला सांगू?”

“दुसऱ्याला नको,” सर म्हणाले. “मी करतो.”

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. “बस इथं. शिकून घे, कधी लागेल.” मी शेजारच्या, वेणूच्या खुर्चीवर बसले. तिच्यावर ते कधी कुणाला बसू देत नसत, पण त्या दिवशी ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी आज्ञा लिहिली. दुसऱ्याचं लॉक तोडायला निघालं की ती व्यवस्था आधी एक प्रश्न विचारायची: लॉक तोडण्याचं कारण सांगा. कारण लिहायचं, आणि झालं की शेवटच्या ओळीवर नुसता एक पूर्णविराम द्यायचा. मग लॉक तुटायचं आणि ते कारण ज्याचं लॉक होतं त्याला टपालानं जायचं, म्हणजे मशीनमधल्याच त्याच्या पेटीत.

सगळे तिथं काहीतरी दोन शब्द लिहायचे. ‘तातडीचं काम’, नाहीतर ‘माणूस रजेवर’. सर पडद्याकडं बघत बसले. चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत लावला. मग इंग्रजी अक्षरांत, पण वेणूशी बोलायचे त्याच भाषेत त्यांनी एक ओळ लिहिली: उस दिन फोन पे मैं नहीं ठैरा.

मशीननं विचारलं होतं ते लॉक तोडण्याचं कारण.

पूर्णविरामाच्या बटणावर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले. मग दाबलं. लॉक तुटलं, टपाल गेलं, फाइली मोकळ्या झाल्या.

“वेणू वाचेल हे?” मी विचारलं.

“कुठून वाचणार? त्याची पेटी इथलीच, आणि तो काही आत येत नाही. इथंच पडून राहील.”

“मग लिहिलंत कशाला?”

“त्यानं विचारलं ना,” पडद्याकडं बोट दाखवून ते म्हणाले. “एवढ्या दिवसांत मला ‘का?’ असं दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं.”

या वाक्यानं मला आजही वाईट वाटतं. खरंच, आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, सर आपल्या खरेपणात समाधानी आहेत, त्यांना कसला आलाय पस्तावा. एवढे बोलके आम्ही सगळे, आणि त्यांच्या मनातलं काढून घेतलं एका मशीनच्या ठराविक प्रश्नानं.

संध्याकाळी मी बघितलं, ते पुन्हा पगारपत्रकाच्या घरात उभे होते. प्रॉम्प्टमध्ये आता नुसता रिकामा कंस. मी म्हटलं, “सर, नाव नसेल तेव्हा कंस दाखवूच नये असं करता येईल. सोपं आहे.” ते म्हणाले, “राहू दे.”

पुढं कंपनी मोठी झाली, शहराच्या पलीकडच्या टोकाला काचेच्या इमारतीत गेली. जुनं मशीन भंगारवाल्यानं हातगाडीवर घालून नेलं, त्यातल्या पेट्यांसकट. सर नव्या जागी फार दिवस रमले नाहीत. तिथं येण्याजाण्याला कार्ड दाखवावं लागायचं आणि खुर्ची रोज कुठलीही मिळायची. कुणाची ते विचारलं तर सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी नोकरी सोडली. मी नल्लकुंट्याला त्यांच्याकडं अधूनमधून जायचे. काकू चहा आणायच्या, सर बशीत अर्धा ओतायचे आणि मग बशी कुणाकडं सरकवावी ते न सुचून स्वतःच प्यायचे. वेणूचा विषय त्यांनी कधी काढला नाही. एका उन्हाळ्यात ते गेले. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा भिंतीशी एक खुर्ची रिकामी होती, आणि बसण्याआधी “ही कुणाची?” असं माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं. काकूंना रडू आवरेना.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे आणि माझ्या हाताखाली पोरंपोरी आहेत. त्यांच्या प्रॉम्प्टमध्ये सगळं दिसतं, कुठलं घर, कामाची कुठली शाखा, काय बदललंय, तेही रंगीत, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत. लॉकची पद्धत गेली. एकाच फाइलीत एका वेळी दहा जण लिहितात आणि नंतर जुळवून घेतात. सरांनी हे पाहिलं असतं तर हाय खाल्ली असती. मी माझ्या प्रॉम्प्टमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. एक, तो यायला मुद्दाम थोडा वेळ लावतो. आणि दोन, शेवटी रिकामा चौकटी कंस येतो. पोरं हसतात. “मॅम, ये खाली ब्रॅकेट कायकू?” मी म्हणते, आहे असंच.

मागं एकदा आमच्या अमेरिकेतल्या ग्राहकाचे लोक ऑफिस बघायला आले होते. मी कामात होते. एंटर मारलं, कर्सर लुकलुकत होता, आणि पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, “ठैरोसाब!”

वळून बघितलं तर वेणू. केस पांढरे झालेले, अंग भरलेलं, पण बोटांतली घाई तशीच. त्यानं मला ओळखलं नव्हतं, प्रॉम्प्टला ओळखलं होतं. “साब कैसे हैं?” त्यानं पहिलं हेच विचारलं. मी सांगितलं. तो शेजारची खुर्ची ओढून बसला. बसण्याआधी त्यानं विचारलं, “किसकी है ये?”

मग मी त्याला सगळं सांगितलं. सकाळची ती फेरी, कंसातलं नाव, मॅनेजर, आणि ती एक ओळ. तो ऐकत होता, पण मध्येच त्याच्या कपाळाला आठी पडली.

“कौनसी फाइलाँ?”

“पगारपत्रकाची. तुमच्या नावावर लॉक होती ना. तुम्ही रागानं तशीच ठेवून गेलात.”

“रागानं?” वेणूला आमचं मराठी अजून येत होतं. “नक्को बाबा. मैं भूल गया होंगा. उस हफ्ते में किसकू होश था?” तो बराच वेळ आठवत राहिला. “मेरेकू तो वो फाइलाँ यादच नहीं.”

“आणि राग?”

“था ना. दो महीने था. फिर उधर दूसरी नौकरी लगी, पहलीवाली से अच्छी. वो पहलीवाली कंपनी तो सालभर में बंद हो गई. साब ने बचा दिया बोल के मैं सबको हँस हँस को बताता था.” मग म्हणाला, “उनकू बताना रह गया. सोचा, उनकू कायका फरक पड़ता. उनो तो सच बोल को खुश थे.”

मघाचं उत्तर आत्ता दाखवायचं नाही म्हणणारा आमचा माणूस, वेणूच्या रागाचं मात्र मघाचंच उत्तर वर्षानुवर्षं घेऊन बसला. एका विसरलेल्या लॉकवर त्यानं स्वतःला दोषी धरलं. आणि तिकडं तो दोष कधीच फिटून गेला होता, हे त्याला सांगायला एका फोनचंच काम होतं. माझा फार संताप झाला, कुणावर ते कळेना.

वेणूनं डोळे पुसले नाहीत. चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं दोन्ही काचा पुसत बसला.

“एक बार और एंटर मारो,” तो म्हणाला.

मी मारलं. कर्सर लुकलुकत राहिला. आम्ही दोघंही पडद्याकडं बघत थांबलो. मग प्रॉम्प्ट आला: घर, शाखा, आणि शेवटी कंस. आत कुणी नव्हतं.